हात खाली, पाऊल मागे

२ नोव्हेंबर

ताई,

वाकून नमस्कार करायचा होता, पण कंबर धरली आहे, तेव्हा मनानेच वाकलो असं समज. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोललो की शेजारचे दार वाजवतात, म्हणून आपलं पत्रच बरं.

आमच्या जनावरांच्या दवाखान्यात नवी डॉक्टरीण आली आहे. तिच्या जन्माआधीपासून मी या खुर्चीच्या आसपास आहे. तर आल्या आल्या या बाईनं माझ्या टेबलावर कागदांचा गठ्ठा आदळला. कुत्र्यामांजरांचं हृदय बंद पडलं तर काय करायचं, याची म्हणे मार्गदर्शक तत्त्वं आली आहेत. तीही पुराव्यावर आधारलेली! जनावराला कुशीवर झोपवायचं, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा छाती दाबायची, निदान तिसरा हिस्सा आत गेली पाहिजे, मग पूर्ण वर येऊ द्यायची. सलग दोन मिनिटं थांबायचं नाही. दोन मिनिटांनी दाबणारा माणूस बदलायचा, कारण माणूस दमतो आणि दमल्याचं त्याला कळत नाही. बुलडॉगसारख्या रुंद छातीच्या कुत्र्याला म्हणे उताणं घ्यायचं. मांजराची छाती एका हाताच्या मुठीत धरून दाबायची.

मी एकच प्रश्न विचारला. "हा पुरावा आपल्या इथल्या कुत्र्यांचा आहे का?" तिनं गठ्ठा नुसता माझ्याकडे आणखी सरकवला. तोंडावर गार पाणी, कानात फुंकर आणि मागचे पाय धरून दोन हेलकावे, ही माझी पद्धत. त्याच पद्धतीनं एक बोका टुणकन उठून बसला होता, तुला आठवत असेल. तरीही मी मोठ्या मनानं एक समिती नेमली आहे. अध्यक्ष मीच आहे.

मुलगी हुशार आहे, पण शिस्त नाही. मी खोलीत आलो की सगळ्यांनी हातातलं काम थांबवून उभं राहायचं, "हात खाली, पाऊल मागे, नजर समोर", हे मी फ्रेम करून ऑपरेशनच्या खोलीत लावलेलं आहे. कंपाउंडर आणि आयाबाई घड्याळासारखे वागतात. ही आपली सुई भरत राहते. शिकेल हळूहळू.

तुझी मांजर, ठमी, काय म्हणते?

तुझा धाकटा,
प्रमुख पशुवैद्यक


९ नोव्हेंबर

बाळ्या,

पत्राखाली हुद्दा कशाला लिहितोस रे? तुला चड्डीची नाडी बांधायला मी शिकवलं. माझ्यापुढे तू बाळ्याच.

तुझा तो बोका मला चांगला आठवतो. तो मेलाच नव्हता, भुलीतून उशिरा जागा झाला होता. हे तूच तेव्हा मला लिहिलं होतंस. दर पाच वर्षांनी तो बोका थोडा थोडा जास्त मेलेला होत चालला आहे.

चौतीस वर्षं मी माणसांच्या दवाखान्यात नर्स होते, त्यातली बारा हेडनर्स. छाती दाबता दाबता माझी मनगटं कामातून गेली. किती परत आले विचारशील तर फार नाही. पण जे आले ते कानात फुंकर मारून आले नाहीत. एकच चूक एकतीस वर्षं केली की तिला अनुभव म्हणत नाहीत, बाळ्या. त्या मुलीचं ऐक. आणि नुसते कागद वाचून हे येत नाही, हाताला सवय लागते. सरावासाठी एखादा खोटा कुत्रा मिळतो का बघा.

ठमी मजेत आहे. चौदा वर्षांची झाली, म्हणजे माणसांच्या हिशेबानं आता माझ्याच वयाची. तुझे भावजी गेले त्याच्या आठव्या दिवशी खिडकीतून आत आली आणि त्यांच्या खुर्चीत बसली, ती अजून उठलेली नाही. दिवसभरात मी जेवढं बोलते तेवढं तिच्याशीच बोलते. कानांनी मी अधू, त्यामुळे ती काय उत्तर देते ते तिचं तिलाच ठाऊक.

तुझी ताई


३ डिसेंबर

ताई,

तुझी सूचना मान्य झाली हे वाचून तुला आनंद होईल. खोटा कुत्रा आला! खऱ्यासारखा, कातडीबितडी असलेला. छाती बरोबर दाबली की गळ्यापाशी हिरवा दिवा लागतो, चुकली की लाल. इतकी सुबक वस्तू सगळ्यांच्या हाताखाली घालून कशाला खराब करायची, म्हणून मी ती माझ्या खोलीतल्या काचेच्या कपाटात ठेवली आहे. पाहुणे आले की दाखवतो. चावी माझ्याकडेच असते.

समितीच्या चार बैठका झाल्या. डॉक्टरिणीच्या मसुद्यात मी मोजक्याच सुधारणा केल्या. "ताबडतोब छाती दाबावी" याऐवजी "प्रमुखांना कळवून छाती दाबण्याबाबत विचार करावा" असं केलं. "तिसरा हिस्सा ते निम्मी" याऐवजी "योग्य तितकी". डॉक्टरीण म्हणाली, "सर, मग राहिलं काय?" मी म्हटलं, "शीर्षक." सगळे हसले, ती सोडून.

मधे एक वाईट गोष्ट झाली. इथल्या निवृत्त पोस्टमनचा कुत्रा, पाकीट नावाचा, तपकिरी, गुणी जनावर. त्यानं मोजा गिळला होता. पोट उघडून मोजा काढला आणि टाके घालताना त्याचं हृदय थांबलं. मला निरोप आला तसा मी धावत गेलो. आणि ताई, तुला सांगतो, अभिमानानं ऊर भरून आला. तसल्या घाईतही मी दारात दिसताच सगळे एक पाऊल मागे झाले, हात खाली, नजर समोर. डॉक्टरीणसुद्धा! ती स्टुलावर चढून छाती दाबत होती, ती खाली उतरून उभी राहिली. आदल्याच आठवड्यात मी तिला शिस्तीबद्दल लेखी समज दिली होती, तिचा गुण आला. मी चष्मा शोधला, केसपेपर वाचला, काय काय केलंत ते विचारलं आणि म्हटलं, "चालू ठेवा." त्यांनी ठेवलं. पण पाकीट काही परत आला नाही.

पोस्टमनला मी स्वतः सांगितलं, शर्थीचे प्रयत्न केले. त्यानं हात जोडले. डॉक्टरीण मागच्या जिन्यात बसून रडत होती. "दोन मिनिटं, सर, दोन मिनिटं" असं काहीतरी म्हणत होती. मी म्हटलं, दोन काय, दहा मिनिटं रडून घे. नवीन असताना होतं असं. मन घट्ट व्हायला वेळ लागतो.

तुझा,
प्र. प.


१० डिसेंबर

बाळ्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं माझे डोळेही गेले.

ते सगळे हात खाली करून उभे होते तेव्हा पाकीटच्या छातीवर कुणाचे हात होते?

तू चष्मा शोधलास, केसपेपर वाचलास, चौकशी केलीस. मी घड्याळ लावून तुझ्या पत्राप्रमाणे सगळं करून बघितलं. दीड मिनिट झालं. दीड मिनिट त्या मुक्या जिवाचं रक्त जागच्या जागी उभं होतं, कारण साहेब आले होते. ती मुलगी तुझ्यापाशी रडायची परवानगी मागत नव्हती. मधे थांबायचं नसतं, हे तुला सांगत होती.

तो वाचलाच असता असं मी म्हणणार नाही. पण भुलीत टेबलावर हृदय थांबलेल्या जनावराला परत यायची आशा इतरांपेक्षा जास्त असते, हे तिच्या त्या गठ्ठ्यात लिहिलेलं असणार. काढ आणि वाच. आणि पोस्टमनला जाऊन खरं सांग. हात त्यानं जोडले, खरं तर ते तू जोडायला हवे होतेस.

ताई


२१ डिसेंबर

महोदया,

आपले दि. १० चे पत्र पावले. सदर विषय समितीपुढे ठेवण्यात येत आहे. निर्णय यथावकाश कळवण्यात येईल.

प्रमुख पशुवैद्यक


१८ फेब्रुवारी

बाळ्या,

दोन महिने झाले. "महोदया" वाचून मी एकटीच खूप हसले, मग जरा रडले. तुझ्या नाकाला मिरच्या झोंबणार हे ठाऊक होतं. लहानपणीसुद्धा तू चुकलास की कपाटात जाऊन बसायचास. आता तुझ्याकडे शिक्का आहे, एवढाच काय तो फरक.

मी हे पत्र लिहिणार नव्हते. पण ठमीच्या जबड्याला सूज आली आहे. दात सडले आहेत. सहा दिवस झाले, नीट खात नाही. वाटीपाशी जाते, वास घेते आणि माझ्याकडे बघते. इथला डॉक्टर गाईम्हशींचा. मांजर बघितलं की तोच टेबलावर चढतो. म्हणाला, दात काढावे लागतील, भूल द्यावी लागेल, आणि या वयात भूल म्हणजे तुमचं तुम्ही बघा.

माझं मी बघितलं. तुझ्याशिवाय कुणी नाही. गुडघ्यांमुळे मला प्रवास होत नाही, तेव्हा शेजारचा टेम्पोवाला पुढच्या आठवड्यात टोपली आणून देईल. मात्र माझ्या दोन अटी आहेत. त्या खोट्या कुत्र्याला कपाटाबाहेर काढ आणि सगळ्यांनी त्याच्यावर सराव करा, तूसुद्धा. दुसरी अट, ठमी टेबलावर असेल तेव्हा तू त्या खोलीत पाऊल टाकायचं नाहीस.

मला भीती वाटते रे. आख्खा जन्म दुसऱ्यांच्या माणसांना "घाबरू नका" म्हणत काढला, आणि आता माझीच घाबरगुंडी उडाली आहे.

ताई


२२ फेब्रुवारी

ताई,

दोन्ही अटी मान्य. मला काही म्हणायचं नाही. म्हणजे म्हणायचं आहे, पण ते शेवटी.

परवा कपाट उघडलं. कुत्रा जमिनीवर ठेवला. आधी आयाबाई बसल्या. रोज फरशा पुसणारे हात, दिवा पहिल्या दाबाला हिरवा आणि शेवटपर्यंत हिरवा. कंपाउंडर बरा. मग मी. पन्नासाव्या दाबाला मला घाम फुटला, सत्तराव्याला डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि दिवा सुरुवातीपासून लाल तो लालच. मी म्हटलं, यंत्र बिघडलं आहे. आयाबाईंनी पदर खोचून पुन्हा दाबून दाखवलं. हिरवा. नाचता येईना आणि अंगण वाकडं, हे कुणी तोंडानं म्हणालं नाही, पण सगळ्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

खरी पंचाईत पुढे आहे. सराव चालू असताना मी आत गेलो की सगळे थांबतात. पाऊल मागे, हात खाली. मुद्दाम करत नाहीत, अंगातच मुरलं आहे. "मी आलो तरी कुणी हात थांबवायचा नाही" हे सांगायला मी आत गेलो, तर ते ऐकायला सगळ्यांनी हात थांबवले! तसं परिपत्रक काढलं, तर ते घेऊन मी आत शिरताच सगळे सरळ उभे. फ्रेम उतरवली, तर त्या रिकाम्या खिळ्याकडे बघूनसुद्धा उभे राहतात. इतकी वर्षं जे पेरलं ते असं उगवलं आहे. डॉक्टरीण म्हणाली, "सर, तुम्ही येऊच नका, हा सगळ्यात सोपा उपाय." तुझ्या दुसऱ्या अटीचा अर्थ मला तेव्हा कळला.

ताई, तो गठ्ठा मी वाचला. रोज थोडा थोडा, घरी नेऊन. पाकीटचं तू लिहिलंस ते खरं होतं. मला ते त्याच दिवशी कळलं होतं, तुझं पत्र आलं त्याच दिवशी. म्हणून तर "महोदया" लिहिलं.

बाळ्या


२५ फेब्रुवारी

बाळ्या,

पत्र टोपलीबरोबर देत आहे. आतला जुना स्वेटर भावजींचा आहे, तो काढू नका. मानेखाली खाजवलं की गप्प बसते. डॉक्टरीणबाईंना सांग, मी त्यांच्या हाती सोपवली आहे, तुझ्या नाही. वाईट वाटून घेऊ नकोस.

वाटलं तर घे.

ताई


२८ फेब्रुवारी

ताई,

आधी सांगतो. ठमी जिवंत आहे. आता बसून वाच.

काल सकाळी तिला टेबलावर घेतलं. शब्द दिल्याप्रमाणे मी माझ्या खोलीत दार लावून बसलो. समोर रिकामं कपाट. वेळ जाईना. आणि आयाबाईंचा आवाज आला, "थांबलं! बाई, थांबलं!"

मी शब्द मोडला. तू म्हणशील ती शिक्षा मला मान्य आहे, पण पाय कुणाच्या बापाचं ऐकतात? मी धावलो आणि दार ढकललं. डॉक्टरिणीनं भूल बंद केली होती, ठमीची छाती एका मुठीत धरून दाबत होती. कंपाउंडर पिशवी दाबून नळीतून श्वास देत होता. मी दारात दिसलो आणि कंपाउंडरचा हात पिशवीवरून सुटला. आयाबाई एक पाऊल मागे सरल्या. डॉक्टरिणीनं माझ्याकडे बघितलं. तिचा अंगठा, ताई, तिचा अंगठा ढिला झाला.

ओरडावं तर ऐकायला थांबतील. मागे फिरावं तर मी जाईपर्यंत उभे राहतील. मला दुसरं काहीच सुचलं नाही. मी मटकन खाली बसलो. फरशीवर, दारातच, कोट घालून. टेबल उंच आहे, खाली बसलेला माणूस दिसत नाही. प्रमुख दिसेनासे झाले आणि वर हात चालू झाले. पिशवीची फसफस मला खाली ऐकू येत होती.

मग मी खालूनच घड्याळ बघत राहिलो. "दोन मिनिटं. बदला." आयाबाईंनी हात घातला. डॉक्टरिणीनं इंजेक्शन दिलं. "दोन मिनिटं. बदला." कंबरेतून कळा येत होत्या. मी देवाचं नाव घेत नाही हे तुला माहीत आहे. काल घेतलं, घड्याळावरची नजर न काढता. तिसऱ्या वेळेला वरून डॉक्टरीण म्हणाली, "आलं." नुसतं एवढंच. मग आयाबाई टेबलाला वळसा घालून आल्या आणि मला हाताला धरून उठवलं, कारण मला उठता येत नव्हतं.

सडके दात हृदय थांबायच्या आधीच काढून झाले होते. आज ती डोळे उघडून स्वेटरात पडून आहे. अजून दोन दिवस ठेवून घेतो, धोका पूर्ण टळला असं डॉक्टरीण म्हणत नाही. संध्याकाळी मी मानेखाली खाजवायला गेलो तर मला ओरबाडलं. डॉक्टरीण म्हणाली, हे चांगलं लक्षण आहे.

बाळ्या


४ मार्च

बाळ्या,

टेम्पोवाल्यानं टोपली आणली. तिनं घरात शिरून चारी खोल्या तपासल्या आणि खुर्चीत बसली. मऊ केलेलं खाते आहे. मी तिच्याजवळ बसून पत्र पुन्हा पुन्हा वाचते. मला रडू येतं आणि ती माझ्याकडे तुच्छतेनं बघते.

शब्द मोडलास, त्याची शिक्षा नाही. फरशीवर बसलास तेव्हाच ती भोगून झाली. डॉक्टरीणबाईंना आणि आयाबाईंना माझा नमस्कार सांग, आणि उभ्यानं सांग.

आता एवढंच. ठमी माझी, म्हणून तू खाली बसलास. पाकीट कुणाचा होता ते तुला ठाऊक आहे. मी पुन्हा सांगणार नाही.

ताई


१२ मार्च

ताई,

रविवारी सकाळी गेलो. दहा पावलं अलीकडे दोनदा थांबलो. पोस्टमन अंगणात सायकल उलटी करून साखळीला तेल देत होता. भिंतीशी अजून पाकीटचं पाण्याचं भांडं आहे, पालथं घातलेलं.

मला बघताच त्यानं तेलाची बुधली खाली ठेवली, हात पुसले आणि सरळ उभा राहिला. मी म्हटलं, "बसा." तो बसेना. "साहेब उभे असताना कसा बसू?" म्हणून मी आधी पायरीवर बसलो. मग तो त्याच्या स्टुलावर बसला.

मी सांगितलं. सगळं, चष्म्यासकट. "शर्थीचे प्रयत्न" हा शब्द मी परत घेतला. एकदा बोलायला लागल्यावर वाटलं होतं त्यापेक्षा लवकर संपलं.

त्यानं बोटं पुन्हा एकदा पुसली. मग विचारलं, "हात किती वेळ थांबले होते?"

"दीड मिनिट."

"आणि नसते थांबले तर?"

"सांगता येत नाही. कदाचित."

त्यानं मान हलवली. म्हणाला, "दवाखान्यातून निघताना मी तुम्हाला हात जोडले होते." मी म्हटलं, "हो." मी हात जोडले. त्यानं ते बघितले आणि साखळीकडे वळला.

दवाखान्यातलं सांगायचं तर, मसुदा डॉक्टरिणीनं आणला होता तसाच्या तसा मंजूर केला. त्या रिकाम्या खिळ्यावर आता तिचा तक्ता आहे. दर शुक्रवारी सराव होतो. माझा दिवा काल पहिल्यांदा हिरवा लागला, अकरा दाब. मी आत गेलो की अजून कंपाउंडरचा एक पाय मागे जातो, पण हात थांबत नाहीत.

तुला सांगायचं होतं ते हे नाही. मी पायरीवरून उठलो, कंबर धरून. म्हटलं, येतो. तो तेल देत राहिला. फाटकापाशी जाऊन मी मागे वळून बघितलं.

ताई, तो उठला नाही.

बाळ्या